खिळ्यावरची रिकामी जागा

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. दहा-बारा पिल्ले घेऊन कोंबडी परसात उतरते आणि तिथून खरी परीक्षा सुरू होते. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा रायगडच्या किनारपट्टीवर नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये अशा कोंबड्या आजही पुष्कळ घरी आहेत. पहिल्या आठवड्यात दोन पिल्ले कावळ्याने नेली, तिसरे घारीने, चौथे कुणी नेले ते कळलेच नाही, ही हकिगत या भागातल्या कोणत्याही घरी ऐकायला मिळेल. महिन्याअखेर बारांतली चार-पाच राहिली तरी घरच्या बाईला समाधान वाटते. अशा वेळी घरातल्या तरुण मुलाच्या मनात एक उपाय हमखास येतो : एअरगन आणायची आणि कावळे टिपायचे.

या उपायाकडे आपण जरा बारकाईने पाहणार आहोत. तो क्रूर आहे की नाही हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. आम्हा जीवशास्त्राच्या लोकांना त्याआधीचा एक साधा प्रश्न पडतो : तो उपाय लागू पडतो का? दोन कावळे मारले तर परसातले कावळे दोनाने कमी होतात का? वजाबाकी तर सोपी दिसते. पण निसर्गात ती तशी होत नाही, आणि याचा एक फार सुंदर पुरावा सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीनेच गोळा करून ठेवला आहे.

त्या मुलाचे नाव सालिम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे तो आणि त्याची भावंडे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांच्याकडे गिरगावातल्या खेतवाडीत वाढली. मामा स्वतः शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला ‘डेझी’ बनावटीची एक छऱ्याची बंदूक दिली. त्या काळच्या सुखवस्तू घरांत ही गोष्ट आज क्रिकेटची बॅट देण्याइतकीच साधी होती. घराच्या आवारातल्या चिमण्या हे तिचे ठरलेले लक्ष्य. मारलेल्या चिमण्या स्वयंपाकघरात जात, त्यामुळे मुलाला आपण काही वावगे करतो असे वाटण्याचे कारणच नव्हते.

याच काळात त्याने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती? मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखले, मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह कपाटे उघडून दाखवला, आणि भारताला एक पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की शिक्षकांना ती नव्याने सांगण्याची गरज नाही. सालिम अलींच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मचरित्राचे नावही एका चिमणीच्या पडण्यावरूनच आहे.

आम्हांला मात्र त्याच बंदुकीची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. पिवळ्या गळ्याच्या चिमणीने एक शास्त्रज्ञ घडवला हे खरे. पण दुसऱ्या, अगदी साध्या चिमण्यांनी त्या मुलाकडून एक शास्त्रीय नोंद करवून घेतली.

ही नोंद १९०६-०७ च्या सुमाराची आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली, नर बाहेर एका खिळ्यावर पहारा करत बसलेला. सालिमने तबेल्यात उभ्या केलेल्या गाडीच्या आडून नेम धरून तो नर पाडला. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. तोही पाडला. पुन्हा तिसरा हजर. असे करता करता सात दिवसांत त्या एका खिळ्यावरून आठ नर मारले गेले, आणि दर वेळी त्या मादीला जणू पुढचा नर तयारच असल्यासारखा येऊन मिळाला. मुलाने हे सर्व आपल्या वहीत टिपून ठेवले. हेतू अर्थातच आपल्या नेमबाजीची फुशारकी! पुढे म्हातारपणी या टिपणाविषयी लिहिताना त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे, आणि शिकारीच्या बढाईसाठी लिहिलेल्या या नोंदीला पुढच्या काळातल्या वर्तनशास्त्रामुळे वेगळाच अर्थ आला याचा त्यांना अभिमानही होता.

तो अर्थ कोणता ते पाहू. खिळा एक, मादी एक, घरटे एक. पण त्या जागेसाठी नर निदान नऊ. म्हणजे त्या परिसरात विणीला बसलेल्या जोड्यांखेरीज आणखी किती तरी नर असे होते की ज्यांना भोक मिळालेले नव्हते, मादी मिळालेली नव्हती. ते आपल्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. चिमण्यांच्या थव्यातच ते असतात, दाणे टिपतात, आणि जागा कुठे रिकामी होते यावर लक्ष ठेवून राहतात. खेळाच्या भाषेत बोलायचे तर ही राखीव फळी. मैदानातला एक गडी बाद झाला की हिच्यातला एक आत येतो. प्रेक्षकाला मैदानावर गडी तेवढेच दिसतात.

एका मुलाच्या वहीतल्या एका नोंदीवरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, हे खरे. शास्त्रात एका घरट्याला पुरावा म्हणत नाहीत. म्हणून पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे.

१९४९ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात एक प्रयोग झाला. तिथल्या स्प्रूस-फरच्या जंगलात एका पतंगाच्या अळ्यांनी धुमाकूळ घातला होता. पक्षी या अळ्या किती खातात हे मोजायचे तर एका तुकड्यातले पक्षी काढून टाकून शेजारच्या तुकड्याशी तुलना करावी, असा संशोधकांचा बेत होता. ४० एकरांचा तुकडा निवडला. आधी मोजणी केली : आपापले क्षेत्र राखून गाणारे १४८ नर. मग बंदुका घेऊन माणसे कामाला लागली. काही आठवडे रोज पक्षी मारले जात होते आणि रोज नवे नर येऊन त्याच झाडांवर गाऊ लागत होते. शेवटी हिशेब केला तेव्हा मारलेल्या नरांची संख्या सुरुवातीच्या मोजणीच्या दुपटीहून जास्त भरली, तरी जंगल रिकामे झालेच नव्हते! पुढच्या वर्षी, १९५० मध्ये, हाच प्रयोग पुन्हा केला, आणि निकालही जवळजवळ तोच आला. अळ्यांचा प्रश्न बाजूला राहिला आणि पक्षिशास्त्राला राखीव फळीचा भक्कम आकडा मिळाला.

हे नवे पक्षी येतात कुठून? याचे उत्तर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात जॉन क्रेब्ज यांनी शोधले. त्यांचा निबंध १९७१ चा. मोठ्या रामगंगा पक्ष्याच्या, म्हणजे तिकडच्या ‘ग्रेट टिट’च्या, जोड्या त्यांनी जंगलातून काढून घेतल्या. रिकाम्या जागा लगेच भरल्या. भरायला आलेले पक्षी मुख्यतः आसपासच्या शेतांच्या कुंपणांतले होते. कुंपण ही दुय्यम जागा. तिथे विणीला यश कमी, म्हणून जंगलात जागा होताच पक्षी तिकडे सरकले. शहरातल्या चाळीत एक खोली रिकामी होताच काय होते ते आठवले तर हे समजायला कठीण नाही.

तिसरा दाखला थेट उपद्रवाचाच आहे. इंग्लंडमध्ये रानकबुतरे शेतीची नासधूस करतात म्हणून हिवाळ्यात त्यांच्या सामूहिक शिकारी होत, आणि काडतुसांच्या खर्चाला सरकार मदत करीत असे. आर. के. मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात वर्षानुवर्षे मोजण्या करून दाखवले की हिवाळ्याच्या शेवटी किती कबुतरे उरणार हे शेतातल्या हिरव्या चाऱ्यावर ठरत होते. बंदुकीने मेलेली बरीचशी कबुतरे तशीही उपासमारीने मरणारच होती. बंदुकीने एक मेले की त्याच्या वाटचा चारा खाऊन दुसरे जगले. सरकारी पैशाने वाजवलेल्या काडतुसांचा कबुतरांच्या संख्येवर परिणाम जवळजवळ शून्य! पुढे ही मदत बंद झाली.

आता परसातल्या कावळ्याकडे येऊ. घरकावळ्याची मादी एका वेळी तीन ते पाच अंडी घालते. कावळे अनेक वर्षे जगतात. एका जोडीच्या सगळ्या आयुष्यातल्या पिल्लांपैकी सरासरी दोनच वाढून स्वतः विणीला बसली, तर कावळ्यांची संख्या आहे तेवढी राहते. बाकीची मरतातच : भुकेने, रोगाने, वादळात, किंवा घरट्यात कोकिळेने अंडे घातल्यामुळे तिचे पोर पोसण्यात. म्हणजे दर वर्षी जादा कावळ्यांचा एक मोठा गट तयार होतो आणि त्यांतले बहुतेक जागेअभावी संपतात. आपण एअरगनने दोन मारतो ते या गटाला दोन जागा मोकळ्या करून देण्यासारखे आहे. पिल्ले नेणाऱ्या कावळ्यांची संख्या परसात किती खायला मिळते यावर ठरते. बंदूक कावळ्याला मारते. त्याच्या जागेला तिचा धक्काही लागत नाही.

इथे वाचकांतले काही जण हरकत घेतील, आणि ती योग्य आहे. ‘आमच्या शेजाऱ्याने एक कावळा मारून माडाला टांगला, तेव्हापासून त्याचे एकही पिल्लू गेले नाही’, हा अनुभव खोटा कसा म्हणायचा? तो खोटा नाही. पण त्याची दोन साधी स्पष्टीकरणे आहेत.

पहिले कावळ्याच्या बुद्धीचे. मेलेला कावळा दिसला की इतर कावळे भोवती जमून कल्ला करतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले की तिथले कावळे मेलेल्या कावळ्याजवळची जागा पुढचे काही दिवस टाळतात, आणि ज्या माणसाच्या हातात मेलेला कावळा पाहिला त्याचा चेहरा अनेक आठवडे लक्षात ठेवतात. मार्झलफ यांनीच त्याआधी, २००६ साली, विद्यापीठाच्या आवारात मुखवटे घालून कावळे पकडले होते. पुढे कित्येक वर्षे त्या मुखवट्याचा माणूस दिसला की कावळे त्याच्यावर ओरडून तुटून पडत, त्यांत ज्यांना कधी पकडलेच नव्हते असे कावळेही सामील होत. आपला घरकावळा ही वेगळी जाती आहे, पण दगडासाठी वाकलेला माणूस आणि चपलेसाठी वाकलेला माणूस यांतला फरक तोही ओळखतो, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. तेव्हा बंदूक घेतलेला मुलगा परसात आला की कावळे नाहीसे होतात. तो शाळेत गेला की परत येतात.

दुसरे स्पष्टीकरण पिल्लाच्या वयाचे. कावळ्याला उचलता येईल असे पिल्लू पहिले तीन-चार आठवडेच असते. त्यानंतर ते आपोआप सुटते. माणूस बंदूक केव्हा आणतो? तीन-चार पिल्ले गेल्यावर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. ती आणून वापरेपर्यंत धोक्याचा काळ संपत आलेला असतो. मग नुकसान थांबते आणि श्रेय बंदुकीला मिळते. ताप उतरायच्या दिवशी घेतलेल्या औषधाचे असेच होते. एका घरी बंदूक आणि शेजारच्या घरी त्याच दिवशी फुटलेली पिल्ले बंदुकीशिवाय, अशी तुलना केल्याखेरीज काही सांगता येत नाही. तुलनेसाठी दुसरा गट का लागतो हे वर्गात शिकवायला यापेक्षा जवळचे उदाहरण आम्हांला सुचत नाही.

मग मारून पक्षी कधीच कमी होत नाहीत का? होतात. पण त्यासाठी राखीव फळीसकट सगळे संपवावे लागतात. चीनमध्ये १९५८ साली चार उपद्रवी प्राण्यांविरुद्ध मोहीम निघाली, त्यांत चिमणीचे नाव होते. देशभर माणसे थाळ्या, ढोल वाजवत चिमण्यांना बसूच देईनात. दमून पडलेल्या चिमण्या उचलून नेल्या. या वेळी जागा भरायला बाहेरून येणारे कुणी उरले नाही आणि चिमण्या खरोखरच कमी झाल्या. पिल्लांना भरवण्यासाठी चिमण्या ज्या अळ्या आणि किडे वेचतात ते मात्र मोकळे सुटले. १९६० मध्ये यादीतले चिमणीचे नाव काढून तिथे ढेकणाचे घालण्यात आले. दुसरे उदाहरण आपल्याच घरकावळ्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो झांझिबार बेटावर नेऊन सोडला गेला, तिथे बेसुमार वाढला, आणि १९९० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत विष आणि सापळे वापरून त्याची संख्या खूप खाली आणली गेली. बेट असल्यामुळे हे साधले. मोहिमेचा पैसा आटला आणि कावळे पुन्हा वाढले. रायगडची किनारपट्टी काही बेट नाही. मांडव्याला कावळा मेला तर आवासचा येईल.

एक अपवाद न्यायाला धरून सांगितला पाहिजे. कधी कधी एखादीच घार किंवा एखादाच कावळा पिल्ले उचलण्यात तरबेज झालेला असतो आणि तो गेला तर त्या हंगामापुरता खरोखर आराम पडतो. पण एअरगनवाल्याला तोच नेमका कसा ओळखणार? समोर येतो तो मारला जातो. घार उंच, शिक्रा क्षणात दिसेनासा होणारा. म्हणून प्रत्यक्षात बळी जातात ते माडाच्या झावळीवर निवांत बसलेले साळुंक्या, बुलबुल, भारद्वाज. भारद्वाज अंडी आणि लहान पिल्ले खातो हे खरे, पण त्याचा बराचसा आहार किडे, गोगलगायी, सरडे, उंदरांची पिल्ले असा आहे आणि वाडीवाल्याला तो एरवी फायद्याचाच.

बंदुकीविषयीही दोन शब्द. एअरगनचा छरा साधारण साडेचार मिलिमीटर जाडीचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा. सेकंदाला १५० मीटर वेग धरला तर त्याची गतिज ऊर्जा पाच-सहा ज्यूल येते. हे गणित दहावीच्या मुलांना करायला द्यावे. एवढी ऊर्जा कावळ्याला दर वेळी ठार करायला पुरत नाही. पंख मोडून तो कुठे तरी झुडपात दोन दिवसांनी मरतो. माणसाचा डोळा जायला मात्र ती भरपूर झाली. वाड्यांमधली घरे इतकी जवळ जवळ असतात की चुकलेला छरा शेजारच्या पडवीत जाणे अशक्य नाही. आणि छरा शिशाचा. कोंबडी खडा समजून तो टिपते, पेषणीत तो घासला जातो आणि शिसे रक्तात उतरते.

सालिम अलींची गोष्ट खेतवाडीच्या तबेल्यात अर्धी सोडून आलो होतो. तिचा पुढचा भाग याच किनाऱ्यावरचा आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातली मार्गदर्शक-व्याख्यात्याची जागा धरून ते १९२९ मध्ये बर्लिनला गेले. तिथे इर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली काम करून १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. नोकरी नाही, मुंबईचा खर्च झेपत नाही. तेव्हा ते आणि पत्नी तेहमिना अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ पासूनचे.

घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळा होता, विणीचा हंगाम ऐन भरात. सालिम अली आडोशाला बसून दिवसेंदिवस पाहत आणि टिपत राहिले. कोणता नर कोणत्या फांदीवर, घरटे कुठवर आले, मादी केव्हा आली. त्यांतून जे दिसले ते तोवर नीट कुणी सांगितलेले नव्हते. नर घरटे अर्धवट, टोपीसारखे होईपर्यंत विणतो. मग माद्या येऊन घरट्यांची पाहणी करतात. एखादीला एखादे पसंत पडले तर ती ते ताब्यात घेते. त्यानंतर नर ते पूर्ण करतो आणि लगेच शेजारी दुसरे सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हा निबंध १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि जगभर त्यांचे नाव झाले.

याचा अर्थ त्यांनी बंदूक टाकून दिली असा कुणी घेऊ नये. पुढे हैदराबाद, त्रावणकोर वगैरे संस्थानांच्या पाहण्यांत त्यांनी संग्रहासाठी पक्षी मारले, आणि त्या काळी पक्ष्याची जाती पक्की करायला दुसरा मार्गही नव्हता, याबद्दल त्यांनी कधी आडपडदा ठेवला नाही. फरक आहे तो प्रश्नात. हा पक्षी कोणता, याचे उत्तर बंदूक देऊ शकते. हा इथे का आणि किती, याचे उत्तर तिने एकदाच दिले, तेही चुकून, तबेल्यातल्या खिळ्यावर.

तर मग परसात कावळे का आणि किती? किनाऱ्यावर याचे उत्तर डोळ्यांसमोर आहे. थळ, वरसोली, रेवदंड्याच्या कोळीवाड्यांत बोंबील आणि सुकट उघड्यावर वाळत असते. मासळी साफ केलेल्या पाण्याबरोबर डोकी आणि आतडी परसात पडतात. पर्यटकांच्या गर्दीनंतर किनाऱ्यावर आणि हॉटेलांमागे उष्ट्याचे ढीग राहतात. कोंबड्यांना टाकलेले तांदूळ आणि शिळा भात तर कावळ्याला रोजचे आमंत्रण. कावळा येतो तो यासाठी. पिल्लू हे त्याला वर मिळालेले. मासळीचे टाकाऊ भाग खड्ड्यात पुरले आणि कोंबड्यांचे खाणे मोजून, झाकलेल्या जागी घातले तर त्या परसात कावळ्याचे येणेजाणे कमी होते, आणि इथे कमी झालेली जागा दुसरा भरत नाही, कारण जागाच उरलेली नसते.

पिल्लांचे रक्षण करायला आपल्या आज्यांचे साधन पुरेसे होते : बांबूचे डालगे. पहिले तीन-चार आठवडे कोंबडी आणि पिल्ले दिवसा डालग्याखाली किंवा आडोशाच्या जागेत ठेवायची. जागा मोठी हवी असेल तर कोळीवाड्यातून जुने जाळे आणून चार खांबांवर ताणावे. त्याला खर्च जवळजवळ नाही, आणि घार, शिक्रा, कावळा तिघांनाही ते पुरून उरते. रात्री खुराड्याचे दार नीट लावणे यापेक्षाही महत्त्वाचे, कारण ‘कुणी नेले ते कळले नाही’ या खात्यातली बरीच पिल्ले मुंगूस आणि मांजर नेतात. त्यांचा दोष कावळ्याच्या नावावर लागतो. आणि सगळ्यांत मोठा मारेकरी पंखांचा नाहीच. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, एका फेऱ्यात सगळे खुराडे रिकामे करतो. त्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. एअरगनच्या किमतीत किती पिल्लांना लस टोचून होईल याचा हिशेब घरोघरी करून पाहण्यासारखा आहे.

रोगाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. २०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत बर्ड फ्लूने कावळे मेले. २०२५ च्या जानेवारीत याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेर गावी, कोंबड्यांत हा रोग आढळला आणि कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा काळात कावळा मारून उघड्या हातांनी उचलणे आणि कोंबड्यांच्या डोक्यावर टांगणे यांत शहाणपण नाही.

कायद्याची स्थितीही बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साधा कावळा पाचव्या अनुसूचीत, उंदीर-घुशींच्या पंक्तीला, उपद्रवी म्हणून होता. त्याला मारायला बंदी नव्हती. घारी आणि शिक्रे तेव्हाही संरक्षित होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती पाचवी अनुसूचीच गेली. आता एखाद्या वन्य प्राण्याला उपद्रवी ठरवायचे तर केंद्र सरकारने ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीपुरती अधिसूचना काढावी लागते. जुन्या माणसांना ‘कावळ्याला मोकळीक आहे’ एवढेच आठवते, म्हणून शिक्षकांनी हे मुलांना सांगून ठेवावे. अरुणाचल प्रदेशात २०२१ च्या मार्चमध्ये सरकारने एअरगन स्वखुशीने जमा करण्याचे अभियान सुरू केले, आणि लोकांनी दोन हजारांवर बंदुका आणून दिल्या. तिथला प्रश्न खाण्यासाठी होणाऱ्या शिकारीचा, आपल्यापेक्षा फार मोठा.

किनाऱ्यावरच्या शाळांना एक काम करता येईल. शाळेजवळची किंवा मुलांच्या घरची दोन परसे निवडावीत. दोन्हीकडे रोज एकाच वेळी, सकाळी मासळी साफ होते तेव्हा, पंधरा मिनिटे कावळे मोजावेत. एका वेळी एकत्र दिसलेली सर्वांत मोठी संख्या तेवढी लिहायची, म्हणजे तोच कावळा दोनदा मोजला जात नाही. दोन आठवडे असे झाले की एका परसात मासळीची घाण पुरायला सुरुवात करावी, दुसरे आहे तसे ठेवावे, आणि आणखी चार आठवडे मोजत राहावे. पावसाळ्यात सुरुवात करू नये : जूनपासून मासेमारी बंद असते, आणि कावळ्यांची विणही त्याच सुमारास चालते, त्यामुळे आकडे आपोआप हलतात आणि श्रेय भलत्याला जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. वही साधी शंभर पानी पुरते. सालिम अलींच्या वहीत त्या नोंदीसाठी फारशी जागा गेलेली नाही.